बालाघाट आणि गंगथडी : बीड जिल्ह्याच्या भूमिपरिचयाची प्रस्तावना

पाटोदा आणि आष्टी या तालुक्यांत बालाघाटाचा जो उंच माथा पसरलेला आहे, त्याच्यावर पडणारे पावसाचे पाणी तीन निरनिराळ्या वाटांनी समुद्राकडे जाते. उत्तरेकडील उतारावरचे पाणी सिंदफणेत उतरते आणि माजलगाव तालुक्यात मंजरथाजवळ गोदावरीला मिळते. आग्नेयेकडे निघालेले पाणी मांजरेच्या रूपाने धाराशिव, लातूर, बीदर असा सातशे किलोमीटरांहून अधिक लांबीचा वळसा घालून अखेर तेलंगणाच्या सीमेवर त्याच गोदावरीच्या स्वाधीन होते. आणि पश्चिमेकडे ओघळणारे पाणी सीनेत, सीनेतून भीमेत व भीमेतून कृष्णेत जाते. दक्षिणेच्या दोन महानद्यांना विलग करणारा जलविभाजक ज्या भूमीवरून गेला आहे, त्या भूमीची ओळख महाराष्ट्रातील बहुसंख्य सुशिक्षितांना ‘दुष्काळी जिल्हा’ या एका विशेषणापलीकडे असू नये, हे आपल्या भौगोलिक शिक्षणातील मोठ्या उणिवेचे निदर्शक आहे. ती उणीव आपल्या शक्तीप्रमाणे भरून काढावी, या हेतूने प्रस्तुत ग्रंथ सिद्ध झाला आहे.

देशाचा परिचय करून घ्यावयाचा तर तो नकाशावरील रंगीत तुकड्यांपासून करून घेण्याची सवय आपल्याला शाळेपासून लागते; आणि प्रांत, जिल्हा, तालुका हे जे विभाग राज्यकारभाराच्या सोयीसाठी निर्माण झाले व सोयीसाठीच वेळोवेळी बदलले, त्यांनाच आपण भूमीचे मूळ अवयव समजू लागतो. १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच्या आदल्याच वर्षी जालना जिल्हा अस्तित्वात आला; परंतु मांजरेचे खोरे अथवा गोदावरीचे पात्र या फेरफारांमुळे तसूभरही हलले नाही. उतार, खडक, माती आणि पाणी यांनी घडविलेला जो नैसर्गिक प्रदेश, तोच मनुष्याच्या शेतीला, वस्तीला, रस्त्यांना आणि स्थलांतरांनाही अखेर वळण लावीत असतो, आणि म्हणून भूमीचा अभ्यास पाण्याच्या वाटेने करावा, असा या ग्रंथामागील मूळ विचार आहे.

या विचाराच्या कसोटीसाठी बीड जिल्ह्याइतके अनुकूल क्षेत्र क्वचितच सापडेल. सुमारे १०,६९३ चौरस किलोमीटरांच्या या मुलखाची उत्तर सीमा गोदावरीने आखून दिली आहे. दक्षिणेकडे मांजरा बऱ्याच अंतरापर्यंत सरहद्दीचे काम करते. नैर्ऋत्येस सीना आहे. आणि या तिन्ही पाण्यांच्या मध्ये, सह्याद्रीच्या हरिश्चंद्र शाखेतून फुटून आग्नेयेकडे पसरत गेलेला बालाघाट जिल्ह्याच्या मध्यभागी ठाण मांडून बसला आहे. येथील शेतकऱ्याला या रचनेचे ज्ञान कोणत्याही ग्रंथावाचून आहे. तो ‘घाटावरचे गाव’ आणि ‘घाटाखालचे गाव’ असा भेद करतो, गोदावरीला नुसते ‘गंगा’ म्हणतो आणि तिच्या काठच्या पट्टीला ‘गंगथडी’. गेवराई, माजलगाव आणि परळीचा उत्तर भाग या गंगथडीत येतो. पाटोदा, शिरूर, धारूर, वडवणी, केज व अंबाजोगाई यांचा मोठा भाग घाटमाथ्याचा अथवा त्याच्या उतारांचा आहे. मांजरेकाठचा दक्षिणेकडील पट्टा तिसरा. आणि आष्टीच्या बाजूचा सीनेकडे उतरणारा मुलूख चौथा. या चार भागांत पीक वेगळे, विहिरीची खोली वेगळी, घरांच्या भिंतींतले दगड-मातीचे प्रमाण वेगळे आणि उन्हाळ्यात गावात मागे राहणाऱ्या माणसांची संख्यादेखील वेगळी आहे.

या भेदाचे मूळ खडकात आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून लाव्हारसाचे पूर एकामागून एक वाहत आले आणि थरावर थर थिजून दख्खनचे हे पठार तयार झाले. बालाघाटाच्या एखाद्या कड्याकडे निरखून पाहिले असता त्या थरांच्या आडव्या पायऱ्या आजही स्पष्ट दिसतात. कठीण थर कड्याच्या रूपाने उभा राहतो, मऊ थर झिजून त्याखाली उतार तयार होतो, आणि जेथे एखादा ओढा अशा कठीण थराच्या काठाशी येतो, तेथे तो एकदम खाली कोसळतो. पाटोदा तालुक्यातील सौताड्याचा धबधबा आणि मांजरसुंब्याजवळील कपिलधार ही या एकाच प्रक्रियेची दोन मनोहर रूपे होत. घाटमाथ्यावर झिजलेली माती टिकत नाही. ती पावसाबरोबर खाली वाहते आणि माथ्यावर मुरमाड, बरड जमीन तेवढी शिल्लक राहते. तीच वाहून आलेली माती गंगथडीत युगानुयुगे साचून कापसाला पोसणारी खोल काळी जमीन झाली आहे. घाटावरचे दारिद्र्य आणि घाटाखालची सुपीकता ही, भूशास्त्राच्या दृष्टीने, एकाच घटनेची दोन टोके आहेत.

खडकाचा दुसरा गुण भूगर्भातील पाण्याशी निगडित आहे. अभंग काळा पाषाण पाणी आत घेत नाही. पाणी मुरते ते केवळ झिजलेल्या मुरमात, भेगांत आणि दोन थरांमधील पोकळ पट्ट्यांत. त्यामुळे एका शेतातील विहिरीला बारमाही पाणी आणि बांधापलीकडील विहीर माघातच कोरडी, हा अनुभव येथे सर्वत्र येतो. पर्जन्यछायेत असलेल्या या जिल्ह्यात सरासरीने पाऊस सातशे मिलिमीटरांच्याही आत पडतो, आणि तो सरासरीप्रमाणे पडेल असा भरवसा कोणत्याच वर्षी नसतो. उलट जेव्हा तो एकदम कोसळतो, तेव्हा उघड्या उतारांवरून तसाच धावत सुटतो. एरवी पाण्यासाठी तळमळणाऱ्या बीड शहरात १९८९ च्या जुलै महिन्यात बिंदुसरा नदीच्या पुराने जो हाहाकार उडविला, त्याचे कारण या उतारांतच शोधावे लागते. दुष्काळ आणि महापूर यांना परस्परविरोधी आपत्ती समजणाऱ्या मनुष्याला बालाघाट हे शिकवितो की, मुरण्याची जागा नसलेल्या भूमीवर दोन्ही एकाच कारणातून जन्मतात.

अशा भूमीचे वर्णन करण्याच्या परंपरा आपल्याकडे अनेक आहेत, आणि नव्या अभ्यासकाने त्यांची स्थूल ओळख करून घेतल्यावाचून पुढे जाऊ नये. आयुर्वेदाच्या आचार्यांनी देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार कल्पिले व भूमीचा संबंध थेट मनुष्याच्या प्रकृतीशी जोडला. अमरकोशाच्या भूमिवर्गात नदीच्या पाण्यावर पोसलेला तो नदीमातृक आणि पर्जन्यावर पोसलेला तो देवमातृक, असा विभाग आढळतो. आणि तो बीड जिल्ह्याला लावून पाहिला, तर गंगथडी व घाटमाथा यांच्यातील भेद इतक्या शतकांनंतरही त्यात यथार्थपणे सामावतो. त्यानंतरची परंपरा तीर्थमाहात्म्यांची. ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याने गोदावरीच्या काठाचा पुण्यभूगोलच उभा केला, आणि परळीचे वैजनाथ, अंबाजोगाईची योगेश्वरी, राक्षसभुवन, पांचाळेश्वर ही क्षेत्रे सामान्य जनांच्या मनात नकाशापेक्षा दृढ झाली. या माहात्म्यांकडे केवळ श्रद्धेचा विषय म्हणून पाहणे पुरेसे नाही. संगम, झरा, धबधबा, डोंगराचा पायथा अशा, पाण्याची शाश्वती असलेल्या स्थळी तीर्थे वसावीत, हा नियम इतक्या वेळा प्रत्ययास येतो की, जुन्या तीर्थांची यादी ही जुन्या पाणवठ्यांची यादी म्हणूनही वाचता येते. कपिलधारेला मन्मथस्वामींची समाधी आहे; आणि बालाघाटाच्या माथ्यांवर गहिनीनाथगड, नारायणगड, सावरगावचे मच्छिंद्रनाथांचे स्थान अशी जी गडांची माळ आहे, ती नाथ आणि वारकरी संप्रदायांनी या डोंगराला दिलेली ओळख आहे.

मराठी गद्यात स्थलवर्णनाचा खरा आरंभ महानुभावांनी केला. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी लीळाचरित्र संकलित केले, आणि पुढे चक्रधरस्वामींच्या वास्तव्याने पुनीत झालेल्या ठिकाणांची नोंद करणारी स्थानपोथी सिद्ध झाली. देऊळ कोणत्या दिशेस तोंड करून आहे, त्याच्या कोणत्या अंगाला वृक्ष आहे, नदी कोणत्या बाजूने येते, याची जी सूक्ष्म आणि अनलंकृत नोंद या ग्रंथांत आढळते, ती पाहिली म्हणजे प्रत्यक्ष पाहणीची शिस्त आपल्याला पश्चिमेकडूनच प्रथम लाभली, या समजुतीचा फेरविचार करावा लागतो. गेवराई तालुक्यातील पांचाळेश्वराचे आत्मतीर्थ आजही या परंपरेशी नाते राखून आहे.

पुढची परंपरा दफ्तराची. मलिक अंबराची जमीनव्यवस्था, मोगलांचे सुभे व परगणे, पेशवाईतील कागदपत्रे आणि निजामाच्या राज्यात सर सालारजंगाने १८६५ साली केलेली जिल्हाबंदी, या क्रमाने ही भूमी जमाबंदीच्या कागदांवर चढत गेली. जिराईत आणि बागाईत, पांढरी आणि काळी, इनाम आणि गायरान, शिव आणि चतुःसीमा, ही सारी परिभाषा या दफ्तराने रूढ केली, आणि तिच्यावाचून आजही एखाद्या गावचा सातबारा वाचता येत नाही. या परंपरेचे उपकार मोठे आहेत. परंतु तिचे लक्ष सारा देणाऱ्या जमिनीवर असल्यामुळे, सारा न देणारा डोंगर, ओढा आणि पडीक माळ यांच्याकडे तिने फारसे पाहिले नाही. घाटमाथा जर कागदोपत्री उपेक्षित राहिला असेल, तर त्याचे बीज येथे आहे.

इंग्रजी अमदानीत गॅझेटियरांचा उदय झाला. १९०९ साली हैदराबाद संस्थानासाठी निघालेल्या प्रांतिक मालिकेत औरंगाबाद, परभणी व नांदेड यांच्याबरोबर या जिल्ह्याचाही परिचय आला. आणि १९०१ च्या खानेसुमारीत दशकापूर्वीच्या मानाने घटलेली येथील लोकसंख्या १८९९–१९०० च्या महादुष्काळाची मूक साक्ष देऊन गेली. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद मुक्त झाल्यावर, १९५६ साली मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र राज्यात आल्यानंतर, महाराष्ट्र शासनाच्या मालिकेत भीर (बीड) जिल्ह्याचे गॅझेटियर १९६९ साली प्रसिद्ध झाले. इतिहास, शेती, व्यापार, लोकजीवन यांची इतकी साकल्याने केलेली मांडणी त्यापूर्वी या जिल्ह्याच्या वाट्याला आली नव्हती. तथापि गॅझेटियराची रचना विषयवार असते; भूशास्त्र एका प्रकरणात, शेती दुसऱ्यात आणि स्थलवर्णन अकारविल्हे तिसऱ्यात. खडक, पाणी, पीक आणि माणूस यांना जोडणारा धागा वाचकाने स्वतः ओवून घ्यावयाचा असतो.

तो धागा ओवणे हेच प्रादेशिक भूगोलाच्या शास्त्राने आपले कार्य मानले. फ्रान्समध्ये विदाल द ला ब्लाश यांनी १९०३ साली आपल्या देशाचे जे भूचित्र रेखाटले, त्यात लहान लहान नैसर्गिक प्रदेश आणि त्यांच्याशी एकजीव झालेली जीवनपद्धती यांना अग्रस्थान दिले होते. आपल्याकडे इरावती कर्वे यांनी १९६८ च्या ग्रंथात महाराष्ट्राची भूमी आणि लोक यांचा एकत्र विचार केला, चं. धुं. देशपांडे यांनी महाराष्ट्राच्या भूगोलाची शास्त्रशुद्ध मांडणी केली, आणि के. आर. दीक्षित यांनी नकाशांच्या द्वारे राज्याचे अंतरंग उलगडून दाखविले. १९७२ च्या दुष्काळानंतर या शास्त्राला एक कृतिशील शाखा फुटली. विलासराव साळुंखे यांची पुरंदर तालुक्यातील पाणी पंचायत आणि अण्णा हजारे यांचे राळेगणसिद्धी येथील कार्य यांनी पाणलोट क्षेत्र हेच नियोजनाचे एकक मानावे, हा विचार गावकऱ्यांच्या हातात दिला. आणि रोजगार हमी योजनेच्या कामांतून तो बालाघाटाच्या उतारांवरही पोहोचला.

या सर्व संप्रदायांबरोबर एका अलिखित संप्रदायाचाही गौरवाने निर्देश करणे अवश्य आहे, आणि तो म्हणजे भूमीवर राबणाऱ्यांचा. माळ, बरड, लवण, टेकाड, दरड, चोपण, पाणंद, ओढा यांसारखे शब्द शेतकऱ्यांनी आणि मेंढपाळांनी आपल्या अनुभवातून जपले आहेत, आणि त्यांतील प्रत्येक शब्दात मातीचा, उताराचा वा वापराचा एक निश्चित निर्णय साठविलेला आहे. बीडजवळची खजाना विहीर हे या जाणतेपणाचे स्थापत्यरूप म्हणता येईल. निजामशाहीच्या काळात, १५८२ च्या सुमारास बांधलेल्या या विहिरीत भूगर्भातील पाणी भुयारांवाटे आणून पुन्हा भुयारावाटेच शेतीकडे नेले आहे. पाणी कोठे मुरते, कोणत्या थराने सरकते आणि कोणत्या पातळीवर हाती लागते, याचे अचूक अनुमान बांधल्यावाचून अशी रचना उभी राहणे शक्य नव्हते.

भूमीच्या या रचनेने इतिहासालाही अनेकदा वळण दिले आहे. धारूरचा किल्ला घाटाच्या तोंडावर उभा आहे, तो घाटावरून खाली उतरणारी वाट राखण्यासाठी. आणि म्हणूनच आदिलशाही, निजामशाही व मोगल या तिन्ही सत्तांनी त्याच्यासाठी रक्त सांडले. १० ऑगस्ट १७६३ रोजी राक्षसभुवनास मराठ्यांनी निजामाचा जो दारुण पराभव केला, त्यात भर पावसाळ्यातील गोदावरीचा वाटा सेनापतींच्या वाट्याहून कमी नव्हता. निजाम नदीपार झाला होता आणि दिवाण विठ्ठल सुंदर फौजेसह अलीकडच्या तीरावर अडकला होता, या एका भौगोलिक परिस्थितीने लढाईचा निकाल ठरविला. अंबाजोगाई, जिला निजामाच्या राज्यात मोमिनाबाद म्हणत, ती बालाघाटाच्या माथ्यावर असल्यामुळे लष्करी छावणीला सोयीची ठरली. आणि त्याच नगरीला परंपरेने मुकुंदराजांचे समाधिस्थान आणि दासोपंतांची कर्मभूमी म्हणून मराठी सारस्वतात अढळ स्थान आहे. अश्मक आणि मूलक या प्राचीन जनपदांच्या मध्ये असलेला हा मुलूख पुढेही राज्याराज्यांमधला दुवा होऊन राहिला, त्याचे रहस्य त्याच्या नद्यांत आणि घाटवाटांत आहे.

आज या अभ्यासाची निकड पूर्वीपेक्षा अधिक आहे. दरसाल दसरा-दिवाळीच्या सुमारास घाटमाथ्यावरील असंख्य कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन, कोयता आणि संसार गाडीत घालून, पश्चिम महाराष्ट्राच्या व कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडे निघतात. ज्या उतारांवरून पाणी आणि माती खाली जाते, त्याच उतारांवरून माणसेही खाली जावीत, आणि मुलांच्या शाळा अर्ध्यावर तुटाव्यात, या वस्तुस्थितीचे विवेचन केवळ अर्थशास्त्राने पुरे होत नाही. दुसरीकडे, पैठणच्या जायकवाडी धरणाचा उजवा कालवा गेवराई तालुक्यातून माजलगावच्या जलाशयापर्यंत येतो व गंगथडीत उसाचे मळे उभे करतो. केज तालुक्यातील धनेगावचे मांजरा धरण लातूर शहराची तहान भागविते. ते आटले तेव्हा, २०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्यापूर्वी २०१३ मध्ये पाण्याअभावी परळीचे औष्णिक विद्युत केंद्र बंद ठेवण्याची पाळी आली होती. पाटोद्याच्या माळावर पाणी मुरते की वाहून जाते, या प्रश्नाशी दूरच्या शहरांचे भवितव्य असे बांधले गेले आहे.

हाच घाटमाथा जे देतो, तेही आपण नीट ओळखले पाहिजे. खडकाळ उतारांवर निसर्गतः वाढणाऱ्या बीडच्या सीताफळाला २०१६ साली भौगोलिक निर्देशांकाचा मान मिळाला, म्हणजे या बरड जमिनीची विशिष्टता कायद्यानेच मान्य केली. पाटोदा तालुक्यातील नायगावचे मयूर अभयारण्य १९९४ साली घोषित झाले, ते मोरांनी या विरळ झुडपांच्या टेकड्या आपल्याशा केल्या होत्या म्हणून. पडीक म्हणून दफ्तराने दुर्लक्षिलेल्या जमिनीत फळ, पक्षी, चारा आणि मुख्य म्हणजे नद्यांची उगमस्थाने आहेत. आता त्याच माथ्यांवर पवनचक्क्या उभ्या राहत आहेत आणि कूपनलिका भूगर्भाच्या खोल थरांत शिरत आहेत. भूमीचे गुणधर्म जाणून न घेता केलेला प्रत्येक हस्तक्षेप पुढील पिढीच्या नावे ऋण लिहून ठेवतो, आणि ते ऋण फेडण्याची कुवत या मुलखात मुळातच अल्प आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथाची मर्यादा आणि आकांक्षा स्पष्ट करणे उचित होय. हा ग्रंथ गॅझेटियराची जागा घेऊ इच्छीत नाही, यात्रेकरूंची मार्गदर्शिकाही नाही. त्याची मांडणी तालुक्यांच्या क्रमाने केलेली नाही. वाचकाने जलविभाजकावरून निघावे, एकेका नदीबरोबर खाली उतरावे, वाटेत लागणारा खडक, माती, पीक, तीर्थ, किल्ला, बाजार आणि वस्ती यांचा परस्परसंबंध पाहावा, व संगमापर्यंत पोहोचावे, अशी योजना आहे. त्यामुळे एकाच गावाचा उल्लेख कधी त्याच्या मंदिरासाठी, कधी विहिरीसाठी आणि कधी स्थलांतरासाठी आला असेल, तर तो पुनरुक्तीचा दोष मानू नये. भूमीवरील वस्तू मुळातच अशा एकमेकींत गुंतलेल्या असतात. जुन्या पोथ्यांची साक्ष, दफ्तरातील नोंदी, शास्त्रज्ञांचे निष्कर्ष आणि शेतकऱ्यांची तोंडी माहिती यांपैकी कोणत्याही एका प्रमाणाला सर्वाधिकार न देता, जेथे ती परस्परांना पुष्टी देतात तेथे निःशंकपणे आणि जेथे विसंवादी होतात तेथे दोन्ही बाजू मांडून, विवेचन केले आहे.

शिक्षक आणि विद्यार्थी हे या ग्रंथाचे पहिले वाचक आहेत. गंगेपासून नाईलपर्यंतच्या नद्यांची नावे ज्या विद्यार्थ्याला मुखोद्गत आहेत, त्याला आपल्या गावच्या ओढ्याचे पाणी कोणत्या नदीला मिळते हे सांगता येऊ नये, अशी स्थिती पालटावी, एवढे जरी या पानांनी घडले तरी श्रम सार्थकी लागले असे आम्ही समजू. ग्रामपंचायतींच्या सदस्यांनी, पाणलोटाची कामे करणाऱ्या कार्यकर्त्यांनी आणि शासनाच्या अधिकाऱ्यांनीही तो वाचावा, अशी मनापासून विनंती आहे. कारण बंधारा कोठे घालावा, चर कोठे खणावा आणि कोणता माळ गवतासाठी राखावा, या निर्णयांमागे भूमीचे ज्ञान नसेल तर निधी खर्ची पडतो आणि पाणी वाहून जाते. बांधावर उभे राहून मातीची परीक्षा शिकविणारे शेतकरी, जुन्या शिवा दाखविणारे वृद्ध कोतवाल आणि डोंगरातील पाणवठे ठाऊक असलेले मेंढपाळ यांचे ऋण या ग्रंथाच्या पानापानावर आहे. आपापल्या शिवाराची पाहणी करून त्यांनी आणि त्यांच्या मुलांनी यातील माहिती तपासावी, वाढवावी आणि आवश्यक तेथे दुरुस्त करावी. भूमिपरिचयाचे हे काम जिल्ह्यातील प्रत्येक गावाने हाती घेण्याजोगे आहे, आणि ते गावागावांतून होऊ लागेल तेव्हाच ‘दुष्काळी’ या विशेषणाहून अधिक खरे असे काही आपल्या मुलखाविषयी आपल्याला सांगता येईल.